ऐकू आलं नाही

“ह्यांना ऐकूच आलं नाही हो, मावशी,” बायको स्वयंपाकघरातून फोनवर सांगत होती. “इतकं मन लागलेलं असतं त्या चेंडूत, की कानाशी ढोल वाजवले तरी पत्ता लागायचा नाही.” तो बाल्कनीत जमिनीवर बसून गोल्फचे बूट घासत होता. त्याचा हात थांबला. तळव्यातली माती केव्हाच निघाली होती, ब्रश उगीचच चालू होता. पण तो थांबल्यावर एकदम शांतता झाली, आणि ही शांतता आत बायकोच्या लक्षात येईल असं वाटून त्याने पुन्हा घासायला सुरुवात केली. “हो ना, वाचला दादा, नशीब आपलं,” बायको म्हणाली. लहान मुलाच्या हातून कप फुटला की आई जशी पाहुण्यांना सांगते, की त्याचा धक्का नव्हता लागला, कपच काठावर होता, तसा तिचा स्वर होता. आठवड्यातला हा तिसरा फोन. प्रत्येक फोनवर ती त्याला असंच पाठीशी घालत होती, आणि तिला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. आपण किती नेमक्या वेळी ब्रश पुन्हा सुरू केला, हे त्याच्या ध्यानात आलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

लाज कशी दिसते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याचा धंदाच तो होता म्हणा ना. सत्तावीस वर्षं तो वजनमाप खात्यात निरीक्षक होता. दुकानांतले काटे तपासायचे, पेट्रोल पंपावर पाच लिटरचं सरकारी माप भरून बघायचं, बरोबर असेल तर शिक्का, नसेल तर सील. एक पारडं रिकामं असतानाच झुकत असेल तर त्या खोटीला पासंग म्हणतात, आणि ती शोधण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. म्हणून बाजारात त्याच्या माघारी त्याला ‘पासंगसाहेब’ म्हणत. चोरी सापडली की माणसं काय काय करतात, हे तो पारड्याकडे बघता बघता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत आला होता. कुणी एकदम खूप बोलायला लागतो. कुणी चहा मागवतो. कुणी नोकरावर खेकसतो. एका म्हाताऱ्या धान्यवाल्याने तर काही न बोलता पारड्याखालचं लोहचुंबक स्वतःच काढून टेबलावर ठेवलं होतं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिला होता. त्या वेळी त्याला त्या माणसाची कीव आली होती. कीव करायला काय लागतं? शिक्का आपल्या हातात असला की माणूस दयाळू होतो.

दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, त्यांची बायको वारल्यापासून एकटे, वीस मिनिटांच्या अंतरावर चौथ्या मजल्यावर राहायचे. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला, वजनं तपासणाऱ्याचंच वजन फार झालंय, रोज चाला, असं बजावलं, तेव्हा दादा म्हणाले होते, “नुसतं काय चालायचं? नुसतं चालायला आपण पोस्टमन आहोत का? चल माझ्याबरोबर.” आणि नगरपालिकेच्या गोल्फच्या मैदानावर घेऊन गेले होते. काठी कशी धरायची ते त्यांनीच शिकवलं, मागे उभं राहून, त्याच्या हातांवर स्वतःचे हात ठेवून. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या हातावर असे हात कुणी ठेवत नाही. त्याला संकोच वाटला होता आणि बरंही वाटलं होतं. पुढे नऊ वर्षं दर रविवारी तो दादांशी खेळला आणि नऊ वर्षं हरला. “हात चांगला आहे रे तुझा,” दादा म्हणायचे, “डोकं मध्ये कडमडतं.” किंवा, त्याचं बाजारातलं नाव त्यांना कळल्यापासून, “पासंगसाहेब, माझ्या पासंगालाही पुरायचे नाहीत तुम्ही.” त्यावर तो सगळ्यांच्या आधी हसायचा. इतकी वर्षं हसून हसून त्या हसण्याची गालांना सवय झाली होती. आपल्याला जिंकायचंय हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते सांगण्यासारखं होतं तरी कुठे? चोपन्न वर्षांचा माणूस, अडुसष्ट वर्षांच्या मेव्हण्याला हरवायचंय म्हणून झुरतोय.

म्हणून गेल्या वर्षी क्लबच्या फळ्यावर ‘खेळ सुधारा, मनापासून’ अशी चिठ्ठी दिसली, तेव्हा आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने खाली नाव लिहिलं. शिकवणारा माणूस पूर्वी तिरंदाजांना तयार करायचा. अंगाने काटकुळा, वरच्या हॉलमधल्या गालिच्यावर बूट काढून मोज्यांवर फिरायचा. सगळे त्याला मनाचे मास्तर म्हणायचे. “फटका हातात नसतो,” मास्तर सांगायचे, “तो त्याच्या आधीच्या वीस सेकंदांत असतो. ते वीस सेकंद दर वेळी एकसारखे करा.” चेंडूमागे उभं राहायचं, तो ज्या वाटेने जाणार ती वाट डोळ्यांनी आखायची, एक श्वास पूर्ण सोडायचा, दोनदा हवेत काठी फिरवायची, मग चेंडूपाशी यायचं, होलकडे दोनदा बघायचं आणि मारायचं. तिसऱ्यांदा बघायचं नाही. तिसऱ्यांदा बघतो तो भितो. संध्याकाळी खुर्चीत डोळे मिटून अठराच्या अठरा होलं मनात खेळायची, गवताच्या वासासकट. आणि आवाज? एकाने विचारलं होतं, लोक बोलतात, कुणी खोकतं, त्याचं काय करायचं? मास्तर म्हणाले होते, “आवाज बंद करायला जाऊ नका. येऊ द्या. रस्त्यावरून माणसं जातात ना, तसे जाऊ द्या. फक्त उठून दार उघडायचं नाही.” हे त्याने वहीत लिहून खाली रेघ मारली होती.

आणि तो सुधारला. जिथे एकशे चार टोले लागायचे तिथे त्र्याण्णव लागू लागले. ऑफिसात साहेब ओरडले तरी त्याला काही होईनासं झालं. साहेब रस्त्यावरून जात होते. घरीही तसंच. एकदा बायको बराच वेळ बोलत होती, तिच्या शाळेतल्या कुठल्याशा बाईंबद्दल, आणि मध्येच थांबून म्हणाली, “मी काय म्हणाले सांगा बरं?” त्याने तिचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ती हसली. “नशीब, कान तरी घरी आहेत,” म्हणाली. त्यालाही तेव्हा हसू आलं होतं. आता बाल्कनीत बसून ते आठवताना वाटत होतं, की कान तर तेव्हाही उघडे होते आणि त्या दिवशीही होते. कानांचा काहीच दोष नव्हता.

त्या दिवशी म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी. क्लबची वर्षाची स्पर्धा, शेवटचा सामना, तो आणि दादा. सकाळी अकराचं ऊन. सतरा होलं झाली तेव्हा दोघे बरोबरीत होते. अठरावं दादांनी पाच टोल्यांत संपवलं होतं. त्याचे तीन झाले होते आणि चेंडू होलपासून चार फुटांवर होता. हा एक हलका टोला गेला की संपलं. बघायला आलेली वीसेक माणसं लांब दोरीपलीकडे उभी होती, दादा त्याच्या मागे चार पावलांवर. त्याने वाट आखली. डावीकडून उजवीकडे किंचित उतार होता. श्वास सोडला. दोनदा हवेत काठी फिरवली. चेंडूपाशी आला, होलकडे एकदा बघितलं. आणि मागून दादा म्हणाले, “जरा थांब रे.” मग काहीतरी गवतावर पडल्याचा मऊ आवाज झाला. त्याने होलकडे दुसऱ्यांदा बघितलं आणि मारला. चेंडू गेला. दोरीपलीकडे टाळ्या वाजल्या आणि मध्येच थांबल्या, कुणीतरी किंचाळलं, तेव्हा तो वळला. दादा गुडघ्यांवर होते, एक हात जमिनीवर टेकलेला, दुसरा अंगाखाली वेडावाकडा गेलेला, आणि तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती.

वळल्यावर मात्र त्याने सगळं नीट केलं. त्यानेच दादांना कुशीवर केलं, त्यानेच गाडी थेट हिरवळीपर्यंत आणवली, दवाखान्यात डॉक्टरांना नेमकी वेळ सांगितली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी गेली होती, पण तुम्ही झटपट हललात म्हणून निभावलं. त्याने विचारलं, “पाच-सात सेकंद उशीर झाला असता तर?” डॉक्टर हसले. “पाच-सात सेकंदांनी काही होत नाही हो. मिनिटं महत्त्वाची.” म्हणजे काहीच बिघडलं नव्हतं. कुणाचंही नुकसान झालं नव्हतं. ज्या गोष्टीने कुणाचं नुकसान झालेलं नाही ती सांगावी कुणाला, आणि कशासाठी? बाहेर बाकावर क्लबची माणसं बायकोला सांगत होती, “वहिनी, यांची एकाग्रता म्हणजे काय विचारू नका. बिचाऱ्याला पत्ताच नव्हता.” बायकोने रडता रडता त्याच्याकडे बघून मान हलवली. त्याने मान खाली घातली. ते सर्वांना नम्रपणासारखं दिसलं असणार.

फोन झाल्यावर बायको बाल्कनीत आली. “किती घासताय? फाटतील,” म्हणाली. “आणि आज मास्तरांकडे जायचंय ना तुम्हाला?” तो विसरला नव्हता. मास्तरांनी नव्या वर्गापुढे दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. नको म्हणता आलं असतं, पण नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. हॉलमध्ये पंधरा माणसं मोज्यांवर बसली होती. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मी महिनाभर बडबडतोय ते यांनी करून दाखवलं. मागे माणूस कोसळला, अगदी घरचा माणूस, तरी यांच्या टोल्यात केसाचा फरक नाही. आवाज रस्त्यावरून गेला. दार उघडलं नाही.” टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत एक तरुण मुलगी बसली होती, परिचारिकेच्या गणवेशात, बहुधा कामावरून तशीच आलेली. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिने विचारलं, “काका, खरंच काहीच ऐकू आलं नाही तुम्हाला?” तिच्या विचारण्यात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं. आजपर्यंत हे वाक्य दुसरेच बोलत होते, तो फक्त बाजूला उभा असायचा. हातात वजन धरून त्याने ते कधी पारड्यात टाकलं नव्हतं. “नाही,” तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच ऐकू आलं, की आपण बोलतच सुटलोय: श्वास कसा सोडायचा, नजर कुठे ठेवायची, मन कसं रिकामं असतं, किती शांत वाटतं. पंधरा माणसं वह्यांत लिहून घेत होती. तो थांबू शकत नव्हता. जिना उतरताना त्याच्या पाठीवरून घाम वाहत होता, आणि सापडल्यावर एकदम खूप बोलणारे ते सगळे दुकानदार त्याला आठवत होते.

दादा दवाखान्यातून घरी आले तेव्हा डावा हात आणि पाय मंदावले होते, जीभ किंचित अडखळत होती, पण डोकं शाबूत होतं. दिवसा एक मावशी कामाला असायची, एकाआड एक दिवस व्यायामाच्या बाई यायच्या, संध्याकाळी बायको जायची. तो आठवडाभर काहीबाही निमित्त काढून गेला नाही. मग एके दिवशी बायको म्हणाली, “दादा तुम्हालाच बोलावतोय. त्याला तुमच्याकडून काहीतरी शिकायचंय म्हणे.”

दादा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. दाढी कुणीतरी दुसऱ्याने केलेली, कानाखाली थोडी राहिलेली. “ये, विजेते,” ते म्हणाले. ‘वि’ जड गेला. “ऐक. त्या व्यायामाच्या बाई म्हणतात, हात हलत नसला तरी तो हलतोय असं डोळे मिटून मनात बघा. रोज बघा. मेंदू वाट शोधतो म्हणे. मला जमत नाही. मी डोळे मिटले की मला झोप लागते. तर तुझं ते आहे ना, मनातल्या मनात खेळायचं. तू मला खेळव.”

“मी?”

“मग काय माझ्या बहिणीला सांगू? ती मला खड्ड्यात पाडील.”

आत बायको हसली. नाही म्हणायला जागा नव्हती. तो समोर स्टूल घेऊन बसला, दादांनी डोळे मिटले, आणि तो पहिल्या होलपासून सांगू लागला. गवत ओलं आहे. डावीकडे पाण्याची टाकी. तुम्ही डाव्या हाताने मूठ आवळताय, करंगळीपासून. करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट. दादा तोंडाने श्वास घेत ऐकत होते. त्यांचा डावा हात मांडीवर पालथा पडला होता, नखं वाढलेली. या हाताने नऊ वर्षांपूर्वी आपल्या बोटांवर बोटं ठेवली होती. रोज तीन होलं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सहावं झालं, तिसऱ्या दिवशी नववं. चौथ्या दिवशी बाराव्या होलवर करंगळी खरोखरच हलली. दादा ओरडले, बायको धावत आली, आणि दादा हुंदके देऊन रडायला लागले. बायकोने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की या आजारात रडू विनाकारण येतं, हसताना येतं, जेवताना येतं, त्याचा अर्थ लावायचा नाही. ती डोळे पुसत त्याला म्हणाली, “तुमच्यामुळे झालं हो हे.” तो हात धुवायच्या निमित्ताने मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला. आपण चांगलं काम करतोय आणि ते चांगलं होतंय, याच्याइतकं अवघड त्याने आजवर काही सोसलं नव्हतं.

रोज तीन, म्हणजे सहाव्या दिवशी अठरावं. ते येणार हे गणित त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या दिवशी सोळावं होल झाल्यावर दादांनी डोळे उघडले. “इथपर्यंत मला आठवतं,” ते म्हणाले. “सोळाव्यानंतर कोरी पाटी. मी पडलो कसा, पडण्याआधी काय केलं, काही नाही. गणिताच्या माणसाला मधल्या पायऱ्या गाळलेल्या चालत नाहीत रे. सगळ्यांना विचारलं. जो तो म्हणतो, आम्ही लांब होतो. जवळ तू एकटा होतास. तर आता खोटं नको खेळवूस. जसं झालं तसं सांग.” आणि पुन्हा डोळे मिटले.

त्याने सतरावं सांगितलं. दादांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली तेही सांगितलं. अठराव्याचे तीन टोले सांगितले. स्वयंपाकघरात बायको भांडी विसळत होती. तो म्हणाला, “माझा चेंडू चार फुटांवर होता. तुम्ही माझ्या मागे होतात.” दादा डोळे मिटूनच म्हणाले, “मग?”

“तुम्ही बोललात.”

“काय बोललो?”

“म्हणालात, जरा थांब रे.”

दादांनी डोळे उघडले. “म्हणजे तुला ऐकू आलं.”

“हो.”

“आणि?”

“मी मारला.”

नळाचं पाणी वाहत होतं. दादांचं तोंड उजवीकडून किंचित हललं, डावीकडून नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि गालावरून खाली आलं, आणि त्याला त्या पाण्याचा काही अर्थ लावता येईना. ते रागाचं आहे, दुःखाचं आहे, की नुसतं आजाराचं? सत्तावीस वर्षं माणसांचे चेहरे वाचले, पण हा एक चेहरा समोर असून बंद होता. मग दादा म्हणाले, “तुला वाटलं असेल मी खोडी काढतोय. नाही का? मी काढायचोच. तू मारायला उभा राहिलास की खोकायचो, किल्ल्या वाजवायचो. तुला वाटलं, म्हातारा हरायला लागला की रडीचा डाव खेळतोय. होय ना?” ते त्याच्याकडे पाहत होते. त्या पाहण्यात विनवणी होती. त्यांना हेच उत्तर हवं होतं. त्यांनीच ते दार उघडून धरलं होतं.

“हो,” तो म्हणाला. “तसंच वाटलं.”

“मग झालं तर!” दादा म्हणाले, आणि आता ते हसले, रडत रडत हसले. “लांडगा आला रे आला. माझंच पाप माझ्याच पदरात. हे मनात धरून बसला होतास एवढे दिवस? वेडा आहेस.” त्यांनी उजवा हात पुढे करून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. “आणि गेला का रे? सरळ गेला?”

“सरळ गेला.”

“शाबास,” दादा म्हणाले.

निघताना लिफ्टमध्ये ती दोघंच होती. बायकोच्या हातात धुवायच्या कपड्यांची पिशवी. लिफ्ट जुनी, सावकाश उतरणारी. खरं म्हणजे आता मोकळं वाटायला हवं होतं. आणि पहिली दोन मिनिटं वाटलंही होतं. पण दादांचा तो ‘शाबास’ छातीत कुठेतरी अडकला होता आणि खाली जात नव्हता. कारण त्याला तसं वाटलंच नव्हतं. खोडी, रडीचा डाव, एक क्षणही नाही. दादांची खोडी त्याला झोपेतही ओळखू आली असती. तो आवाज वेगळा होता. ‘थांब’ मधला ‘थ’ तोंडात कापूस असल्यासारखा फुगला होता, आणि ऐकताक्षणी त्याला मानेपासून कमरेपर्यंत कळलं होतं, की यांना काहीतरी होतंय. सतराव्यावर त्यांनी पिशवीचा खांदा बदलला तेव्हाही त्याच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. दादा थकले, असं मनात येऊन बरं वाटलं होतं. त्याला सगळं कळलं होतं. आणि कळल्यावर, त्या कळण्याच्या आतच, दुसरं कळलं होतं: आत्ता वळलो तर हा टोला पुन्हा कधी मिळणार नाही. म्हणून त्याने होलकडे दुसऱ्यांदा बघितलं. हात जरासुद्धा कापला नव्हता. नऊ वर्षांत त्याने याहून सुंदर टोला मारला नव्हता. आणि आज त्याने कबुली दिली तीही खोट्या काट्यावर तोलून, वर दादांकडून माफी घेतली, भरपूर, मापाबाहेर.

“आज दादा इतका का रडला?” बायकोने विचारलं. “मला आत काही ऐकू आलं नाही, पाणी चालू होतं.”

“मी त्यांना सांगितलं,” तो म्हणाला. “त्या दिवशी ते मला थांब म्हणाले होते. मला ऐकू आलं होतं.”

तिसरा मजला गेला. ती वळून बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, “तुम्हाला वाटलं असेल, दादा चेष्टा करतोय.” अगदी तेच दार. भावाबहिणींचे स्वभाव किती सारखे असतात.

“नाही,” तो म्हणाला. “त्यांना मी तसंच सांगितलं. पण नाही. मला कळलं होतं त्यांना काहीतरी होतंय. तरी मी आधी मारला.”

दुसरा मजला. पहिला. बायकोने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. किती लोकांना तिने फोन केले होते, मावशी, मामा, तिच्या शाळेतल्या बायका. ते सगळे तिच्या चेहऱ्यावरून एकेक करून जात असल्यासारखं त्याला दिसलं. तळमजल्यावर दार उघडलं. ती बाहेर पडली, तोही तिच्यामागे निघाला, तर तिने हाताने अडवलं.

“वर जा,” ती म्हणाली. पुढचं मात्र ती आयुष्यात पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करून बोलली. “त्याला खरं सांगून ये. त्याने तुला शाबास म्हटलं. मला तेवढं ऐकू आलं होतं.”

“आत्ता?”

“आत्ता. मी फाटकाशी थांबते.” आणि मग, पाठ वळवल्यावर, “थांबते म्हणाले. घाई करू नका.”

तो जिन्यानेच चढला. चार मजले, मध्ये कुठे न थांबता, आणि दारासमोर पोचला तेव्हा छाती धपापत होती. त्याने बेल दाबली. कामाची मावशी एव्हाना गेली असणार. आणि बेल वाजली की कितीही वेळ लागो, दादांनी स्वतः उठायचं, असा व्यायामाच्या बाईंचा नियम होता. आतून खुर्ची करकरली. मग बराच वेळ काही नाही. मग काठीचा टक्क, आणि पाय ओढल्याचा आवाज. टक्क, आणि पाय. मध्येच एकदा नुसता श्वास. टेबलाला हात टेकला असावा; टेबलावरचा चमचा वाजला. एवढ्या वेळात चार मजले उतरून जाता आलं असतं, आणि दार उघडल्यावर दादांना रिकामा जिना दिसला असता. तो हलला नाही. भिंतीला टेकलाही नाही. दारापलीकडून येणारा एकेक आवाज तो ऐकत उभा राहिला, आणि एकही जाऊ दिला नाही.

कडी निघायला वेळ लागला. दादांनी ती डाव्या हाताने काढायचा प्रयत्न केला असणार.

“कोण? तू?” दाराच्या फटीतून त्यांचा घामेजलेला चेहरा दिसला, श्रमाने लाल झालेला आणि खूश. “काय रे, काय राहिलं?”

“दादा,” तो म्हणाला, “बसा आधी. मघाशी मी तुम्हाला खोटं सांगितलं.”